खटक्यावरचा सदरा

धाकटा आईचा फोन कापतो, ही तक्रार पाणीवालीनं सुनेला सांगून झाली होती, स्वयंपाकघरातल्या भांड्यांना सांगून झाली होती, आणि समोरच्या गिरणीवाल्याला तर इतक्यांदा सांगितली होती की ती दारात दिसली की तो गिरणी चालू करायचा, दळण असो वा नसो. न उचलणं तिला चाललं असतं. माणूस कामात असतो, अंघोळीला जातो, झोपतो. पण कापणं म्हणजे आधी नाव बघायचं, आई आहे हे ओळखायचं, आणि मग अंगठ्यानं तिचा गळा दाबायचा.

"ड्यूटीवर घरचा फोन चालत नाही आई. कंपनीचा नियम आहे."

"तुझ्या वेळी मी दोन दिवस कळा दिल्या. तेव्हाच एखादा नियम काढायला हवा होता मी."

पाणीवाली हे काही तिचं नाव नव्हे. नवरा गावाचं पाणी सोडायचा म्हणून तो पाणीवाला, आणि त्याची बायको म्हणून ती पाणीवाली. नवरा गेला, नाव राहिलं. पंचायतीनं दिलेलं दोन खोल्यांचं घरही राहिलं. नदीवरच्या पंपापासून टेकाडावरच्या टाकीकडे जाणारा जाड लोखंडी नळ या घराच्या मागच्या भिंतीला खेटून जायचा, आणि परसाच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या चौकोनी खड्ड्यात, त्या नळाचा व्हॉल्व होता. नदीवर पंप सुरू झाला की भिंत थरथरायची, फळीवरच्या कपबशा किणकिणायच्या. लग्न होऊन आली तेव्हा त्या थरथरीनं तिची झोप उडायची. आता थरथर थांबली की जाग यायची.

टाकी जमिनीखालची. वर स्लॅब, स्लॅबला एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि आत भिंतीला लोखंडी पायऱ्या. बांधणाऱ्यानं काय डोकं चालवलं कोण जाणे, नदीचा नळ नेमका त्या पायऱ्यांच्या डोक्यावरच आत काढला होता. पाणी आलं की ते पायऱ्यांवर कोसळायचं. माणसाची वर यायची वाट तीच, आणि पाण्याची आत यायची वाटही तीच.

म्हणून नवऱ्याची एक रीत होती. गाळ काढायला उतरायच्या आधी तो नदीवर जायचा, पंपघरातला खटका खाली पाडायचा, अंगातला सदरा काढून त्या खटक्यावर टांगायचा आणि उघड्या अंगानं टेकाड चढायचा. पंपघर रस्त्याला लागून, दार सताड उघडं. खटक्यावर सदरा दिसला की माणूस टाकीत आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. टांगला ज्यानं, काढायचाही त्यानंच. एकदा सरपंचांच्या घरी लेकीचं लग्न होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, हात धुवायला थेंब नाही. सरपंच स्वतः पंपघरापर्यंत आले, सदरा बघितला आणि शिव्या देत परत गेले. हात नाही लावला.

नवऱ्यामागं काम थोरल्याकडे आलं. सदऱ्यासकट आलं.

मग कंपनी आली. पंचायतीनं आणि कंपनीनं मिळून गावाला पाणी पाजायचं ठरलं. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, भाषणं झाली. पंप कंपनीचा, टाकी पंचायतीची. नळ कंपनीचा, व्हॉल्व पंचायतीचा.

"म्हणजे गायीचं तोंड एकाचं आणि शेपूट दुसऱ्याचं," पाणीवाली मागच्या रांगेतून म्हणाली. "शेण कुणी काढायचं, ते ठरलंय का?"

लोक हसले. पुढच्या खुर्चीतला साहेबही हसला. ठरलं मात्र नव्हतं.

धाकटा शिकलेला, त्याला कंपनीनं उचललं. शहरातल्या ऑफिसात बसून तो मोबाइलवरून गावोगावचे पंप लावायचा. पंपघरातला जुना खटका भिंतीवर तसाच राहिला, पण त्याच्या मागच्या तारा कंपनीच्या माणसांनी ओढून काढल्या. तारा निघत होत्या तेव्हा धाकटा बॅटरी धरून उभा होता आणि थोरला दारात. त्या दिवसापासून थोरला भावाशी बोलला नाही. एकाच घरात दोघं पाठीला पाठ लावून जेवायचे आणि मधे आईनं निरोप्या व्हायचं.

"आई, त्याला सांग, माझा टॉवेल घेऊ नको."

"आई, त्याला सांग, टॉवेलवर नाव नाही."

"दोघांच्या बापानं एकच टॉवेल जन्मभर वापरला," ती म्हणायची, "तोही माझा."

त्या उन्हाळ्यात नदीचं डबकं झालं. नळाला चहासारखं पाणी यायला लागलं, आणि तळाशी बोटभर गाळ. गल्लीत एकेकाची पोटं बिघडली. गिरणीवाल्याची बायको सलाइनवर पडून आली, तिचे डोळे खोल गेले होते. टाकी कंपनी आल्यापासून कुणी धुतली नव्हती. कंपनी म्हणायची टाकी तुमची, पंचायत म्हणायची पाणी तुमचं. शेवटी बोंब फार झाली तेव्हा पंचायतीच्या कारकुनानं थोरल्याला सांगितलं, उतर आणि काढ. पूर्वी या कामाला दोन माणसं असायची, एक आत आणि एक तोंडाशी. वरचा माणूस पंचायतीनं कमी केला होता. आता कंपनी आहे ना, म्हणे.

"मी बसते वर," थोरल्याची बायको म्हणाली. "बादल्या ओढते."

ठरल्या दिवशी सकाळी पाणीवाली चहा ओतत होती. थोरला भिंतीला टेकून बसला होता, धाकटा उंबऱ्यावर बूट घालत होता. मधे हातभर अंतर.

"आई, त्याला सांग, आज मी टाकीत उतरतोय."

"ऐकलंस? भाऊ टाकीत उतरतोय. पंप लावू नको."

"त्याला सांग, घरात सांगून चालत नाही. पंचायतीनं कंपनीला कळवायचं, कंपनी मला कळवणार."

"त्याला सांग, कारकून म्हणतो कळवायचं काम कंपनीच्या माणसाचं. आणि कंपनीचा माणूस इथं बसून नाडी बांधतोय."

"त्याला सांग, इथं मी कंपनीचा माणूस नाही. इथं मी घरी आहे."

"मग घरच्या माणसासारखं ऐक ना मेल्या!" ती ओरडली. कप खाली आदळला. "भाऊ आहे तुझा. टाकीत आहे आज. कळलं?"

धाकट्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "ऐकलं," तो म्हणाला. "दुपारच्या आत उरकायला सांग." आणि तो बस पकडायला गेला.

थोरला उठला. त्यानं दाराआडचा सदरा अंगात घातला. बापाचाच तो, निळा, कॉलर झिजून पांढरी पडलेली.

"तो कशाला?"

"टांगायला."

"कशावर? त्या मेलेल्या खटक्यावर? आत तार नाही त्याच्या."

"लोक बघतील की."

"कोण बघतंय? पंपघराकडे आता कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

थोरल्यानं बटणं लावली. "बाबा टांगायचे," तो म्हणाला. तिच्या नवऱ्याची रीत होती, आणि तीस वर्षं तिनंच ती गल्लीला ऐकवली होती.

सून दोर आणि बादली घेऊन टेकाडावर गेली. थोडा वेळ गेल्यावर नदीकडून थोरला आला, उघड्या अंगानं, बापासारखाच खांदे पाडून चालत. परसातून जाताना त्यानं आईकडे पाहिलं आणि उगाच हसला. तिनं तोंड फिरवलं, कारण हसणाऱ्या माणसाला जाताना बघू नये असं तिला एकाएकी वाटलं.

ती धान्य निवडायला बसली. मागच्या भिंतीला पाठ लावून बसली. पाठीला भिंत गार होती, मुकी होती. चार खडे निवडले की हात थांबायचा आणि ती डावा तळवा मागं नेऊन भिंतीला लावायची. गार. पुन्हा चार खडे. टेकाडावरून बादली उपडी केल्याचा धप्प आवाज यायचा, मग सुनेचा आवाज, "सोडू का?" आणि खोलातून काहीतरी उत्तर, विहिरीतून आल्यासारखं. तो आवाज आला की तिचा श्वास सुटायचा.

ऊन डोक्यावर आलं. गल्लीतले नळ कोरडे होते, त्याची कुरकुर सुरू झाली. बाया घागरी आपटत होत्या. गावात कुणी दवंडी दिली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणी तेही ठरलं नव्हतं. समोर गिरणीवाला हातातल्या मोबाइलवर ओरडत होता. घरात आजारी माणूस आहे, पाणी का नाही, असलं काहीतरी. पाणीवालीनं ऐकलं आणि मनात म्हणाली, ओरड बाबा, तुझी बायको पडलीय, तू नाही ओरडायचं तर कुणी. त्या ओरडण्याचं दुसरं टोक कुठं आहे ते तिच्या डोक्यात आलं नाही.

धान्याचं सूप मांडीवर होतं. फळीवरची कपबशी किणकिणली.

ती तशीच बसून राहिली. वाटलं, मांजर असेल. मग पाठीत थरथर शिरली, कमरेपासून मानेपर्यंत, ओळखीची, जन्मभराची.

सूप उपडं झालं. ती उठली, पडली, उठली. फोन चुलीशेजारी होता. धाकट्याचा नंबर एकच बटण दाबून लागायचा, त्यानंच तसा करून दिला होता. वाजला. एकदा, दोनदा. कापला. तिनं पुन्हा दाबलं. कापला. टेकाडावरून सुनेची किंकाळी आली. तिसऱ्यांदा वाजलाच नाही, बाईचा गोड आवाज आला की ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे.

"गिरणीवाल्या!" ती परसातून ओरडली. "थोरला टाकीत आहे! पंप लागलाय!"

गिरणीवाला पिठानं पांढरा, तसाच धावत आला. त्याचं तोंड पिठाखालीही पांढरं झालं होतं. "मीच फोन केला होता कंपनीला, आजी," तो म्हणाला. "मीच आत्ता... थांबा, तिथंच लावतो." त्यानं पुन्हा तोच नंबर लावला, कानाला न लावता हातात धरला, आणि फोनमधला माणूस सावकाश बोलू लागला. पाणी येत नसल्यास एक दाबा. पाणी गढूळ येत असल्यास दोन दाबा. गळती असल्यास तीन दाबा.

"बंद करायला काय दाबायचं?" गिरणीवाला रडकुंडीला आला. "बंद करायचं सांगतच नाहीत!"

पण पाणीवाली व्हॉल्वच्या खड्ड्याशी पोचली होती. खड्ड्यावर कंपनीनं लाल पाटी ठोकली होती. तिला पाटी वाचता येत नसली तरी तीत काय आहे ते ठाऊक होतं, धाकट्यानं दहादा बजावलं होतं. पंप चालू असताना हा व्हॉल्व कधीही फिरवायचा नाही. नळ फुटेल, मोटर जळेल, माझी नोकरी जाईल. तिनं भिंतीला टेकवलेली लांब लोखंडी चावी उचलली, आडव्या दांड्याची, पुरुषभर उंचीची. ती बोल्टावर बसेना. दोनदा सरकली, तिसऱ्यांदा बसली. तिनं छातीचं हाड दांड्यावर टेकलं आणि सगळं अंग टाकलं. व्हॉल्व हलला नाही. नवरा गेल्यापासून तेल कोण घालणार, आणि तेल घालायचं काम कुणाचं?

"ये इकडं! फोन फेक!"

गिरणीवाल्यानं दुसरं टोक धरलं. दोघं बैलांसारखे त्या दांड्याला जुंपले. बोल्ट कुरकुरला आणि पाव फेरा फिरला. मग अर्धा. टेकाडावरून सुनेचा आवाज येत होता, शब्द नव्हते त्यात, फक्त नवऱ्याला मारलेली हाक, परत परत. खालून उत्तर येत नव्हतं. पाणीवालीच्या तोंडात रक्ताची चव आली. कुठला तरी दात ओठात रुतला होता. "फिर," ती लोखंडाला म्हणत होती, "फिर रे बाबा, तुला त्यांनी रोज तेल घातलंय, फिर."

नळ विव्हळायला लागला. आधी बारीक, मग चढत चढत, डुक्कर मारताना ओरडतं तसा. शेवटचा फेरा बसला आणि रस्त्याच्या बाजूला, नळाच्या सांध्याशी, धाडकन आवाज झाला. पाण्याचा खांब उभा राहिला, गिरणीच्या पत्र्याहून उंच.

ती आणि गिरणीवाला टेकाड चढले तेव्हा सून टाकीच्या तोंडाशी पालथी पडली होती, दोर दोन्ही मुठींत, तळहात सोललेले. आत काळोख. काळं पाणी स्लॅबच्या हातभर खाली होतं आणि त्या हातभरात थोरल्याचं तोंड होतं, वर केलेलं, छताला लागलेलं. दोर त्याच्या एका काखेत अडकला होता. दुसरा हात भलतीकडेच वळला होता. पहिल्या लोंढ्यानं त्याला पायरीवरून उडवून भिंतीवर घातला होता.

तिघांनी मिळून त्याला ओढला. तो ओकला. गाळ ओकला, पाणी ओकलं, मग त्याला श्वास आला, असा की जणू जुना कपडा टराटरा फाटतोय. पाणीवालीनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. छाती थरथरत होती, आणि तिला क्षणभर ती थरथरही नळाचीच वाटली.

दवाखान्यातल्या माणसानं घरी येऊन खांदा बांधला, डोक्याला टाके घातले. थोरला आतल्या खोलीत पडला, गाळानं माखलेला, डोळे उघडे. कुणी दार लोटलं की तो दचकायचा. पुसायलाही पाणी नव्हतं; गल्लीतलं सगळं पाणी रस्त्यावर वाहून गेलं होतं.

ऊन कलताना कंपनीची जीप आली. साहेब उतरला, मागून धाकटा. पंचायतीचा कारकून आधीच येऊन फुटलेल्या सांध्याशी उभा होता. पाणीवाली उंबऱ्यात बसली होती, ओठ सुजलेला.

"हा नळ तुमचा," कारकून म्हणाला.

"पण व्हॉल्व तुमचा," साहेब म्हणाला. "व्हॉल्व बंद केल्यानं नळ फुटला. व्हॉल्व कुणी बंद केला?"

"ते बघावं लागेल. आमच्याकडून तसा काही आदेश नव्हता."

"आणि माणूस आत असल्याचं आम्हाला कळवलं नव्हतं."

"कळवायचं आम्ही, असं कुठं ठरलंय?"

दोघं चिखलात उभे राहून बोलत होते, आपापले बूट सांभाळत. आतल्या माणसाविषयी कुणी विचारलं नाही. शेवटी साहेब तिच्याकडे वळला. "आजी, पंप चालू असताना व्हॉल्व फिरवायचा नाही, अशी पाटी लावलीय. लाल."

"वाचता नाही येत मला. लाल तेवढं कळतं," ती म्हणाली. "आत माझ्या पोराच्या डोक्यातनं लाल निघालं, ते कळलं."

धाकटा तिला हाताला धरून आत घेऊन गेला. चुलीपाशी. त्याचा हात थंडगार होता, कपाळावर घाम. भाऊ होता त्या खोलीच्या दाराकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"आई, मला वाटलं तो वर आला असेल. दुपार झाली होती. गिरणीवाल्याची तक्रार आली, साहेब डोक्यावर उभे, गावाला पाणी का नाही म्हणून. काय सांगणार होतो? पंचायतीकडून तर काहीच आलं नव्हतं."

"भाऊ आत आहे, हे सांगायचं."

"ते चालत नाही आई. कळलं असूनही पंप लावला असं झालं तर मला ठेवणार नाहीत. उलट माझ्यावरच येईल सगळं." तो खाली बसला, तिच्या पायांशी, लहानपणी बसायचा तसा. "तू एवढंच म्हण, सकाळी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाकी मी बघतो. एवढंच आई. कुणाचं काय जातंय त्यात?"

फळीवर कपबशी गप्प होती. तिला त्याची भीती वाटली. पोटच्या पोराची. अशी भीती तिला दुपारी त्या काळ्या पाण्याचीही वाटली नव्हती, कारण पाणी काही तिच्या पायांशी बसून गोड बोलत नव्हतं.

ती उठली आणि अंगणात आली. धाकटा मागून आला. गिरणीवाला, कारकून, साहेब, दारादारांतल्या बाया, सगळे बघत होते.

"व्हॉल्व मी बंद केला," ती साहेबाला म्हणाली. "मोटर जळली असेल तर मी जाळली. आणि माणूस आत आहे हे सकाळी मी सांगितलं होतं, माझ्या तोंडानं, या माझ्या धाकट्याला. यानं 'ऐकलं' म्हटलं होतं. आता हा म्हणतो, सांगितलं नव्हतं असं म्हण."

फुटक्या नळातून राहिलेलं पाणी ठिबकत होतं. तिनं कोपऱ्यातली घागर उचलली आणि धाकट्यासमोर धरली.

"जा. जुन्या विहिरीवरून भरून आण. भावाच्या अंगावरचा गाळ वाळत चाललाय."

धाकट्यानं हात पुढं केला. मग तो थांबला आणि त्यानं साहेबाकडे पाहिलं, जाऊ का, असं.

पाणीवालीनं घागर मागं घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी समोरच्या ओसरीपर्यंत गेला. "फोन कापलास ते मी विसरेन. आईचे फोन सगळीच पोरं कापतात. पण तुझ्या बापाचा सदरा अजून पंपघरात लटकतोय त्या मेल्या खटक्यावर, आणि काढणाऱ्याचा हात आता महिनाभर वर जायचा नाही. जाऊन एकदा बघून ये तो खटका. वरून अजून तसाच आहे, तुझ्या बापाच्या वेळेसारखा. मागच्या तारा तेवढ्या काढून नेल्यात. तू तसा झालायस. नाक त्यांचं, खांदे त्यांचे, आणि आत काही जोडलेलं नाही. तुझ्या भरवशावर मी सकाळी माझं पोर टांगलं होतं. पुन्हा नाही टांगणार."